मेट्रो टोरांटोत, भाडं मारुंजीत

पुण्याजवळच्या मारुंजीतल्या माझ्या फ्लॅटचं भाडं कशावर ठरतं, सांगू? टोरांटोतल्या मेट्रोवर. हसू नका राव.

आमचे घरमालक तात्या मूळ मारुंजी गावातलेच, पोरगी मात्र टोरांटोत भाड्यानं राहते. दिवाळीनंतर एकदा तोंड पाडून आले. "सायेब, पोरीच्या बिल्डिंगीपाशी मेट्रोचं स्टेशन झालं, आन् तिच्या मालकानं लगेच भाडं वाढवलं."

मीही भाडेकरूच, माझा जीव तुटला. म्हटलं, "या घरमालकांना काळीजच नसतं हो, तात्या."

"व्हय ना! तुमाला कळतंय म्हनून बोलतो. पोरीला पैसं धाडाया लागत्यात. पुढल्या म्हयन्यापासनं तुमीबी जरा वाढवा."

"अहो, इथं कुठं मेट्रो आलीय? पाणीसुद्धा टँकरचं!"

"हितं न्हाई, पन पोरीकडं आली ना!"

दिलं वाढवून. दुसरं घर बघायचं तर पुन्हा डिपॉझिट, पुन्हा दलाली.

काल तात्या पेढे घेऊन हजर. पोरीनं तिकडं स्वतःचं घर घेतलं. सुटलो एकदाचा! पेढा तोंडात टाकत म्हटलं, "मग आता माझं भाडं उतरणार ना?"

तात्यांनी आणखी एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "उतरंल कसं, सायेब? आता तर हप्ता सुरू झाला."