समासातलं नाव

पेशवाईतली गोष्ट. शत्रूच्या कैदेतून सुटून आलेल्या भावाला यज्ञेश्वरशास्त्र्यांनी पंगतीला बसवलं, एवढ्यावरून पुण्याच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकलं. त्यांची लेक श्यामला माफीची रदबदली करायला शनिवार पेठेत दिगंबरशास्त्र्यांकडे आली होती. दरबारासाठी नवे ग्रंथ तेच तपासत, आणि वाळीतल्यांना परत घ्यायचं की नाही हेही तेच ठरवत. आत एक अनोळखी तरुण ग्रंथ दाखवत होता, म्हणून ती ओसरीवर थांबली.

"ग्रंथ उत्तम. आधारही चोख दिलेत. समासातलं हे एक नाव तेवढं खोडा."

"कोणाचं?"

"वेड पांघरू नका. यज्ञेश्वरशास्त्र्यांचं."

"पण मत त्यांचंच आहे."

"मत राहू द्या हो. नावाच्या जागी 'केचित्' लिहा. काहीजण असं म्हणतात."

"काहीजण कुठे म्हणतात? ते एकटेच म्हणतात."

"वाळीतला माणूस आहे तो!"

"माणूस वाळीत, आणि त्याचं म्हणणं तेवढं आपल्याला पंगतीला हवं?"

"जीभ आवरा. दरबारची शाल हातची जाईल."

"जाऊ द्या. पुण्यात अजून तेवढी थंडी पडलेली नाही. पानं द्या इकडे."

पोथी बासनात बांधून तरुण श्यामलेसमोरून पायऱ्या उतरून गेला. दिगंबरशास्त्री दारात आले.

"बोला बाई, काय काम काढलंत?"

श्यामला उठली. तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

"यज्ञेश्वरशास्त्र्यांची मुलगी मी. माफी मागायला आले होते. आता नाही मागत."