दाराजवळची जागा

कनेरगाव नाक्यावर एस.टी.ची वाट पाहत मनकर्णाबाई बाकावर बसली होती. शेजारी तिचं गठुडं, गठुड्यापलीकडं रामकिशन, अन् खाली त्याच्या पायाशी उकिडवा बसलेला त्याचा दोस्त जळबा. बैल पाहायला गेलेल्या या दोघांची काल शेवटची गाडी चुकली अन् रात्र बुद्धविहारात काढावी लागली, एवढं तिला त्यांच्या बोलण्यातून कळलं होतं.

"रामकिशन, तू आतून उठून माझ्यापाशी काहून आला निजायला?"

"आत डास लई होते."

"दारात न्हवते व्हय?"

"दारात वारं होतं. पर तू काहून निजला तिथं, चपलांपाशी?"

"सवय हाय."

"भंतेजींनी तर दोन चटया शेजारी-शेजारी टाकल्या होत्या."

"म्हनलं, तुला तकलीफ नको."

"दुष्काळात मांडीला मांडी लावून खडी फोडली आपुन. तवा झाली का मला तकलीफ?"

"ते काम होतं."

"अरे, विहार तुमचा. तिथं बी तू दारातच निजनार?"

जळबानं बोलणं दुसरीकडं वळवलं.

"झोप तरी लागली का तुला दारात?"

"लागली की. अंगावर घोंगडी कोनी टाकली ते बी कळलं न्हाई."

"भंतेजींनी टाकली असंल."

"घोंगडी तुझी होती, जळबा."

मनकर्णाबाईनं बाकावरचं गठुडं उचलून मांडीवर घेतलं.

"वर बस की रे बाबा," ती जळबाला म्हणाली. "जागा हाय."