कुंडीत ओतलेली बाटली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, सातासमुद्रापलीकडून आलेले मोठे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, कारखान्यातल्या बंधूभगिनींनो, आणि आमंत्रण नसतानाही शेवटची रांग अडवून बसलेल्या आमच्या टेबलाच्या मंडळींनो, सर्वांना सविनय नमस्कार.

मी धंद्याने शिंपी. आज आपण निरोप देतो आहोत ते या कारखान्याची बिअर बनवणारे मुख्य ब्रुअर म्हणजे माझे थोरले बंधू. साहेबांच्या कानाशी भाषांतर करते आहे ती माझी पुतणी. तिला बजावून ठेवलंय, काका काहीही बरळला तरी तू बापाचं कौतुकच सांगायचं. बघा, साहेब हसले. पोरगी हुशार आहे!

चार वर्षांपूर्वी परदेशी कंपनीने आपला कारखाना घेतला, तेव्हा फाटकासमोरच्या बारमध्ये कसं सुतक पडलं होतं, आठवतं ना? आमचा एक रिवाज होता. नव्या बॅचची पहिली बाटली दादा शनिवारी स्वतः आमच्या टेबलावर आणायचा आणि मी घोट घेऊन "जमली" म्हणेपर्यंत उभाच राहायचा. विक्रीनंतरची पहिली बाटली आली. लेबलावरचा कोंबडा गेलेला, सोनेरी अक्षरं आलेली. मी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांदेखत उरलेली बाटली खिडकीतल्या कुंडीत उपडी केली. वर म्हणालो, "दादा, तूही विकला गेलास की रे!"

दादा रिकामी बाटली उचलून गेला, तो पुन्हा त्या टेबलाकडे फिरकला नाही. मीही त्याच्या घरची पायरी चढलो नाही. कुंडीतलं झाड तेवढं असं फोफावलं, की बारवाल्याला दोनदा छाटावं लागलं.

एवढ्यावर थांबलो तर तो मी कसला? कंपनीला पत्र धाडलं. खाली दोनशे सह्या. "बिअरचं पाणी झालंय, जुनी चव परत द्या आणि या ब्रुअरला हाकला." सख्ख्या भावाबद्दल, बरं का! पुढे कंपनीने जाहीर केलं, ग्राहकांचा मान राखून जुनी चव परत. त्या दिवशी पहिल्या घोटाला आमच्या पोस्टमनच्या डोळ्यांत पाणी आलं. "हीच रे हीच!"

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला बोलावून घेतलं आणि दादाच्या कपाटातला एक कागद पुढ्यात ठेवला. माझंच पत्र. कंपनीने ते त्यालाच वाचायला दिलं होतं, आणि माझं अक्षर तो ओळखणार नाही होय?

"आता ऐका भाऊजी," वहिनी म्हणाल्या. विक्रीनंतर वरून हुकूम आला होता, बिअरला कडवट चव देणारी हॉप्सची फुलं निम्मी करा. दादा "हो साहेब" म्हणाला, आणि एक फूल कमी केलं नाही. जुन्या साठ्यावर अकरा महिने जुनीच बिअर करत राहिला. पकडला गेला असता तर त्याच दिवशी घरी बसला असता. साठा आठ दिवसांचा उरला, तेव्हा कंपनीचा दुसरा हुकूम आला, तुमचे लोक ओरडताहेत, पूर्वीसारखीच करा.

कळलं का, शेवटची रांग? चव कधी बदललीच नव्हती! जुनीच बिअर पिऊन आपण अकरा महिने नाकं मुरडली. आता खोट्या तक्रारीने खरी चव वाचली, तेव्हा थोडं श्रेय मलाही द्या, असं मी म्हणणार होतो. वहिनींकडे बघून बेत रहित केला आहे.

मी त्यांना विचारलं, "मला का नाही सांगितलं त्याने?" म्हणाल्या, "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून." खरंच आहे. आत्ताही भिजला नाही. पण निवृत्तीच्या कागदांवर सकाळीच सह्या झाल्यात, हे बघूनच मी उभा राहिलो.

अध्यक्ष महोदय, आपण मला वेळ दिलात, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. कुंडीपाशी जे झालं त्याची माफी मात्र सभागृहाकडे मागून चालणार नाही. दादा, चुकलं माझं. फार चुकलं. तुझ्या शेवटच्या बॅचची पहिली बाटली तुझ्या खुर्चीखाली आहे, मघाशीच बघितली मी. आण इकडे. घाबरू नकोस, व्यासपीठावरच्या कुंड्या मी सकाळीच बाहेर नेऊन ठेवल्या आहेत.