देवापुढे इंजिनाचं गाऱ्हाणं

आमच्या होडीचं इंजिन सारखं भर समुद्रात बंद पडायचं, तेव्हाची गोष्ट सांगतो. आई म्हणाली, नजर लागलीय, ग्रामदेवाला गाऱ्हाणं घालू. गेलो घरचे सगळे नारळ घेऊन देवळात, गुरवकाकांकडे.

गुरवकाकांचा भाऊ बंदरावर इंजिनं दुरुस्त करतो, हे मी विसरलोच होतो. काका देवापुढे गाऱ्हाणं सांगत होते आणि प्रत्येक वाक्याला आम्ही रिवाजाप्रमाणे हुंकार देत होतो.

"बा देवा, ह्या लेकराची होडी बंद पडते."

"व्हय महाराजा."

"कुणी वाईट केलं असेल तर दूर कर."

"व्हय महाराजा."

"दोन वर्षं ह्यानं इंजिनाचं ऑईल बदललेलं नाय."

"व्हय महाराजा," सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो.

आईने देवापुढचा नारळ उचलून पिशवीत टाकला. म्हणाली, "देवाला कशाला त्रास? ह्याची चटणी करते."