सात नंबरच्या खाटेवर असताना स्वतःच्या घराची खिडकी फोडल्याबाबत

नाव: कागदावर काहीही असो, हाकेला काजआजी. वय: सत्त्याहत्तर, हवालदारांना जास्त वाटतं. धंदा: काही नाही. पत्ता: पाच नंबरची इमारत, तळमजला, फुटक्या खिडकीचं घर.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारलं तेवढं आणि थोडं वर, सांगते ते येणेप्रमाणे:

आज सकाळी आठ वाजता मी मोतीबिंदूसाठी दवाखान्यात गेले. घरी आमचे हे एकटेच होते. माझं नाव नोंदलं गेल्याबरोबर दवाखान्याने कुलूप कंपनीला कळवलं, कुलपाने वीज कंपनीला, विजेने दूधवाल्यांना, की बाई दाखल, घर रिकामं. ही जोडणी माझ्या नातीने केली आहे. अशा जोडणीला मायक्रोसर्व्हिस म्हणतात. छोटे छोटे कप्पे असतात, प्रत्येकाने आपलं एकच काम करायचं, दुसऱ्यात नाक खुपसायचं नाही. आमच्या ह्यांनी 'मला यादीत घालू नका' म्हणून नाव दिलं नव्हतं. त्यामुळे यादीप्रमाणे घरात माणसं एक, आणि ती मी.

मी शर्टांच्या कारखान्यात चाळीस वर्षं होते. तिथेही असंच. एक कॉलर करी, एक बाह्या, मी काजं. पण शेवटी एक बाई तयार शर्ट अंगावर चढवून बघायची. ती आजारी पडली त्या आठवड्यात दोनशे शर्ट दोन्ही डाव्या बाह्यांचे गेले. बाही मात्र एकेक उत्तम होती.

दीड वाजता मला घरी सोडलं. दोनला दाराशी आले. दार उघडेना. घर रिकामं असलं की ते आतूनही उघडत नाही, चोराने दारातून जाऊ नये म्हणून. ह्यांनी साडेबाराला साखरेच्या आजाराचं इंजेक्शन घेतलं होतं आणि रिकाम्या घराची वीज बंद केल्यामुळे जेवण विजेच्या शेगडीवर कच्चंच होतं. घरात साखरेचा डबा आहे. तो कपाटात कुलपात असतो, किल्ली माझ्या कमरेला. त्याबद्दल मला अजून कोणी विचारलेलं नाही.

शेजारणीच्या फोनवरून नातीला विचारलं. ती म्हणाली, "आजी, सगळे कप्पे हिरवे दाखवतायत. बिघाड कुठेच नाही."

मी म्हटलं, "बिघाड नाही ना? मग तुझे आजोबा ओ का देत नाहीत?"

दोन दहाला मी कुंडीने काच फोडली. खिडकीतून आत चढताना खुर्ची कोणी धरली ते सांगणार नाही.

हे जमिनीवर बसले होते, घामाने ओले. मला 'ताई' म्हणाले. मी कपाट उघडलं आणि साखरेचं पाणी पाजायला घेतलं.

काच फुटल्याचं विमा कंपनीला आणि तिने पोलिसांना कळवलं. पोलीस सात मिनिटांत आले. जोडणी चांगली आहे, हे मी मान्य करते. हवालदार म्हणाले, "हात वर." एक केला. दुसऱ्यात चमचा होता.

वीस मिनिटांनी ह्यांनी विचारलं, "आता काच कोण बसवणार?" तेव्हा माणूस ठीक आहे हे मला समजलं.

ठाण्याचं मशीनही नातीच्याच जोडणीत आहे. ते माझा जबाब घेईना, कारण त्याच्या लेखी मी अजून दवाखान्यात दाखल आहे. हवालदारांनी दवाखान्यात फोन केला. सात नंबरच्या खाटेवर मी आराम करते आहे आणि दुपारची जेवलेही, असं कळलं. म्हणून हा जबाब हाताने लिहिला जात आहे.

नात समोरच्या बाकावर आहे. ऑपरेशन माझं झालं, डोळे तिचे लाल आहेत. तिने विचारलं की त्या शर्टवाल्या बाईचा पगार किती होता. सगळ्यात कमी, असं मी सांगितलं. माझी तिच्याविरुद्ध तक्रार नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. सांगितला तसाच उतरला आहे, फक्त वर धंद्यापुढे 'काही नाही' आहे ते खोडावं आणि 'तयार शर्ट घालून बघणारी' लिहावं. काजांनंतर ते काम माझ्याकडेच होतं. त्या आठवड्यात आजारी होते ती मीच, आणि आज सकाळी घरी नव्हते तीही मीच.

डाव्या हाताचा अंगठा. साखरेने चिकट आहे, पण उठला आहे.