जावयाची टीम हरावी म्हणून

आपल्याच जावयाची टीम हरावी म्हणून तुमच्यापैकी कुणी देव पाण्यात घातलेत का? आम्ही घातले होते.

आमच्या गार्गीने आयर्लंडचा मुलगा पसंत केला, शॉन. तो हर्लिंग खेळतो. हॉकीसारखी काठी असते, पण चेंडू डोक्यावरून जातो. इंदुरीचे आमचे थोरले बंधू, आबा, यांनी लग्नासाठी तळेगावात जूनमधला हॉल धरला, तेव्हा गार्गी म्हणाली, "त्याची टीम मे महिन्यात स्पर्धेतून बाहेर पडली तरच तो येऊ शकेल. नाहीतर थेट जुलैत फायनल झाल्यावर."

"मग पडंल की," आबा म्हणाले.

पडेना. दर रविवारी आबा माझ्याकडे मॅच बघायला यायचे आणि शॉनने गोल मारला की कपाळाला हात लावायचे. "अरं, ह्याला आवरा कुनीतरी."

शेवटी हॉल सोडून दिला. पुढे चातुर्मासात मुहूर्त नाही, म्हणजे लग्न आता तुळशीच्या लग्नानंतरच. त्यामुळे फायनलला आम्ही पहिल्यांदाच मोकळ्या मनाने जावयाच्या बाजूने बसलो. आबांनी तर नारळसुद्धा आणला होता.

टीम एका गुणाने हरली.

शॉनचा व्हिडिओ कॉल आला. रडून डोळे लाल झालेले. आबांनी फोन हातात घेतला.

"जावईबापू, लय चांगलं खेळलात," ते म्हणाले. "पर हरायचंच व्हतं, तर मे म्हैन्यात हरायला काय झालं व्हतं?"