लाल आकडा

सागर : चहा नको म्हटलं ना दादा. बसायले नाही आलो मी. गाडी तिकडं रस्त्यावर उभी हाय. बोलून घेऊ अन् मले अकोल्याले वापस जाऊ दे.

धर्मेंद्र : बोल ना मंग. मी काय तुह्यं तोंड धरून ठेवलं?

सागर : वेगळं होऊ. अकोल्याचं दुकान माह्यं. इथलं अमरावतीचं वावर अन् मंडी तुही. गिऱ्हाईक ज्याचं त्याचं.

धर्मेंद्र : अन् आई? तिले बी वाटून घेतं काय?

माणिकबाई : धीरं बोला रे पोट्टेहो, शेजारचे कान लावून बसतात. सागर, अकोल्याहून आला तू, हातपाय त धू. काल फोन लावला मी तुले, उचलला बी नाही.

सागर : बाबाचं नाव येते आई त्याच्यावर. तू बाबाचाच फोन वापरतं. वर्ष होत आलं त्याईले जाऊन, अन् इकडं वाजते त 'बाबा' लिहून येते. हात नाही होत उचलायले.

माणिकबाई : मंग नाव बदल.

सागर : त्याले बी हात होत नाही.

धर्मेंद्र : आई, तू सांबाराच्या जुड्या बांध. आमचं आमी पाहतो.

माणिकबाई : बांधून त राहिली. वीस वर्षं झाली, सांबारच बांधून राहिली मी.

सागर : दादा, खुशालराव काही परका माणूस होता काय? बाबा सायकलीले टोपली बांधून त्याच्या मेसवर पालक टाकत, तवापासूनचं गिऱ्हाईक. आता त्याच्या मेस अमरावतीत, अकोल्यात, अचलपुरात. होस्टेलची पोरं जेवतात तिथं आपली भाजी. मॅनेजरनं मेल टाकला, नवीन सत्रापासून भाजी तुमीच देता का, शनिवारपर्यंत लेखी कळवा. दोन ओळीचं उत्तर पाहिजे होतं. दोन ओळीचं! शनिवार गेला अन् काम बी गेलं.

धर्मेंद्र : मले कायले सांगतं? तूच द्यायचं होतं.

सागर : मी पाहिला तवा मेल वाचलेला होता. नाव ठळक नोहतं, बारीक झालं होतं. म्हणजे तू उघडला.

धर्मेंद्र : मी मंडीतून येऊन पाहिला तवा बी बारीकच होतं. म्हणजे तू उघडला.

सागर : झालं! आलो आपण तिथंच.

धर्मेंद्र : बाबाचा नेम काय होता? ज्यानं उघडला त्यानं उत्तर द्यायचं. दुसऱ्यानं त्याच्यात बोट घालायचं नाही. आठवते ना, काहून केला होता तो नेम?

सागर : आठवते. एकाच हॉटेलवाल्याले फुलकोबीचा तू एक भाव लिहिला, मी दुसरा. थो बाबाले म्हणे, तुमच्या घरी दोन मंड्या हायेत काय?

धर्मेंद्र : तवापासून उघडलेला दिसला का मी हात लावत नाही. तू पाहिला असशील, तू लिहिलं असशील. मी निवांत.

सागर : मी बी निवांत. अन् तिकडं मॅनेजर वाट पाहून राहिला. बाकी गिऱ्हाईक उत्तर नाही आलं का फोन लावते, हा तो बी करत नाही, सारं लेखी पाहिजे त्याले. पुण्याचा हाय. सांबार लिहिलं त डाळीतलं सांबार समजला. कोथिंबीर लिहा लागते त्याच्यासाठी.

माणिकबाई : व माय! सांबाराले कोथिंबीर म्हणते?

सागर : माह्या घरी आरती वर्षभरापासून डोकं फोडून राहिली, दादा. साऱ्यायच्या फोनात एकच आयडी, अन् तो बी फोनासंग फुकटात आलेल्या त्या ॲपवर. कोणी उघडला ते सांगत नाही. मेल कोणाच्या वाट्याचा, ते लिहून ठेवता येत नाही. मांगचा महिना गेला का जुने मेल शोधून सापडत नाही. ते घरच्या माणसायसाठी हाय, मामाचे फोटो पाहायसाठी. त्याच्यावर धंदा नाही होत. धंद्याचा मेल घेऊ म्हणे, माणसागणिक वेगळा, कोणी पाहिला अन् कोणी उत्तर दिलं ते दिसते. तू काय म्हटलं? फोनात फुकट हाय त वरून पैसे कायले टाकू?

धर्मेंद्र : म्हटलं होतं. पैशापायी नाही पण. आयडी बाबाच्या नावाचा हाय. कार्डावर छापला, गाडीच्या मांगं रंगवला. रंगवला त्या दिवशी बाबानं नारळ फोडला होता, तू होता ना?

सागर : होतो.

धर्मेंद्र : मंग? तो कसा पुसू मी?

सागर : पुसू नको. पण नवरात्राचं आठव. तू झेंडूचा भाव वावरातून पाठवला. तिथं रेंज नाही. मेल फोनातच अडकून बसला, अन् तुले वाटलं गेला. दसरा झाल्यावर गेला तो! धामणगावचा व्यापारी मले फोन करून म्हणे, आता हा झेंडू का म्हशीच्या गळ्यात घालू?

धर्मेंद्र : हास. अन् तू? अकोटच्या लग्नाची भाजी. पोरीचा बाप, केटरर अन् मंगल कार्यालयवाला, तिघाईले उत्तर द्यायचं होतं. तुह्यं एकट्या बापाले गेलं. केटरर पहाटी माह्या दारात उभा. म्हणे वांगे कुठी हायेत?

सागर : ते ॲपमध्ये बटनच असं देते का चुकीचं दाबल्या जाते.

धर्मेंद्र : तुह्या वक्ती बटनाची चूक. माह्या वक्ती माही.

सागर : तसं नाही म्हटलं मी.

धर्मेंद्र : म्हटलं नाही, पण मनात हाय. सागर, खरं सांग. तुले काय वाटलं? मी मेल दाबून ठेवला?

सागर : राहू दे ना, दादा.

धर्मेंद्र : सांग ना.

सागर : वाटलं. म्हटलं दादाले अकोला नकोसा झाला. मेसचं काम एकट्या अमरावतीसाठी घ्यायचं असन, म्हणून खुशालरावसंग मांगच्या दारानं बोलला असन.

धर्मेंद्र : अन् मले वाटलं तुह्या सासरच्यायनं कान भरले. मेल मुद्दाम सोडून देशील, अन् मंग आपल्या नावानं भाव टाकशील. रात्रीची झोप गेली माही. पालक त्यायच्यासाठीच टाकला होता, वावरात उभा हाय. रोज सकाळी गाय सोडतो त्याच्यात अन् बांधावर बसून पाहतो. भांडायची बी ताकद नाही राहिली. थकलो मी, सागर. तुले वेगळं व्हायचं त हो. मी आडवा नाही येत.

सागर : मी बी थकलो, दादा. दुकानात बसतो अन् दिवसभर ते ॲप खाली ओढून ओढून पाहतो, काही आलं का. गिऱ्हाईक समोर उभं राहते अन् मी फोनात. आरती म्हणते, तुमी भावाचा मेल पाहता का भावाची चूक पाहता?

धर्मेंद्र : बरोबर म्हणते आरती.

माणिकबाई : थांबा रे दोघं जरासक. टिंग वाजलं.

(खाटेवरचा बाबांचा, म्हणजे देवीदासांचा, फोन वाजला होता. माणिकबाईंनी हातातली जुडी परातीत ठेवली, ओले हात पदराला पुसले, अगदी देवाच्या फोटोसमोर उभ्या राहण्याआधी पुसतात तसे. मग चष्मा लावून फोन हातभर लांब धरला, बोटाने एक ठिकाणी दाबले, वरून खालपर्यंत काहीतरी पाहिले आणि समाधानाने तो पुन्हा उशीजवळ ठेवून दिला. मेलवरून महिनाभर एकमेकांचे गळे धरायला निघालेले दोघे भाऊ हे बघत होते.)

धर्मेंद्र : आई. काय केलं तू आता?

माणिकबाई : काही नाही. लाल एक आला होता, काढला.

सागर : लाल एक म्हणजे?

माणिकबाई : थे पाकिटाचं चित्र नाही काय फोनात? त्याच्यावर लाल आकडा येते. उघडून पाहिलं का जाते. पहाटी दिवा लावला का साऱ्यात आधी थेच करते मी. कधी चार असतात, कधी लय असतात. एकेक उघडते. मंग दिवसभरात एखादा येते, थो बी काढते.

सागर : वाचतं तू?

माणिकबाई : मले इंग्रजी येते काय रे बह्याडा? उघडते, खालपर्यंत पाहते, बंद करते.

धर्मेंद्र : तुले कोणी सांगतलं हे?

माणिकबाई : तुह्या बाबानं. दवाखान्यात होते तवा फोन माह्या हाती देल्ला. म्हणे, अवं, लाल आकडा दिसला का समजजो, कोणाचं तरी काम अडलं हाय. थो राहू देजो नको. बस, एवढंच. त्याईले तवा बोलनं बी होत नोहतं, तरी थे सांगतलं. म्हणून मी राहू देत नाही. ताप होता मले मांगं, तरी काढला.

सागर : म्हणजे खुशालरावचा तो...

धर्मेंद्र : सागर.

सागर : दादा, पण तोच त...

धर्मेंद्र : सागर, चूप. पानी पे.

माणिकबाई : खुशालरावचं काय?

धर्मेंद्र : काही नाही आई. त्याची तब्येत नरम हाय म्हणते हा.

माणिकबाई : बापा! काय झालं?

सागर : पोट. पोट बिघडलं त्याचं. विशेष नाही.

माणिकबाई : अन् तुमी इथं भांडत बसले? तुह्ये बाबा असते त आतापर्यंत जाऊन आले असते. जा दोघं. हा सांबार घेऊन जा, ताजा हाय. अन् पालक बी काढा थोडा. आजारी माणसाले रिकाम्या हातानं भेटाव नाही.

सागर : जाऊ काय, दादा?

धर्मेंद्र : जाऊ. मॅनेजरले लेखी पाहिजे असन, पण खुशालराव बोलन आपल्यासंग. बाबाचा माणूस हाय. काम देईन न देईन, आपली चूक झाली म्हणून सांगून त येऊ.

सागर : कोणाची म्हणून सांगायची?

धर्मेंद्र : आपली. दोघायची. अजून कोणाची?

सागर : हाव. दोघायचीच.

माणिकबाई : काय रे, तुमी असे तोंड पाडून काहून बसले? माह्यं काही चुकलं काय?

सागर : नाही आई.

धर्मेंद्र : नाही व आई. तुह्यं काय चुकते?

माणिकबाई : मंग सागर मघाशी वेगळं होऊ म्हणे, थे?

सागर : मेलचं म्हणत होतो. दादाचा वेगळा अन् माह्या वेगळा करू. आरती करून देईन. कोणी पाहिला, कोणी लिहिलं, सारं दिसन. तुले वाटलं काय?

माणिकबाई : मले काय वाटन? तू दुकान तुह्यं, वावर याचं म्हणे. ऐकू येते मले.

सागर : रागात म्हटलं.

माणिकबाई : अन् या फोनातलं? थे काढून घ्या लागन काय?

सागर : नाही. जुना आयडी बाबाच्या फोनात तसाच राहीन. बियाणेवाले, खतवाले जाहिराती पाठवतच राहतात. येत जाईन तुले लाल आकडा.

माणिकबाई : मंग ठीक. मले वाटलं घेता काढून. थो आकडा आला का कसं, घरात त्याईनंच काही काम सांगतलं असं वाटते. दिवस चांगला जाते माह्या.

धर्मेंद्र : काढत जाजो मंग. राहू देजो नको.

माणिकबाई : राहू देते काय मी? हे घ्या सांबार. अन् सागर, खुशालरावकडून तसाच परभारे जाजो नको. जेवून जाजो.

सागर : हाव. अन् आई...

माणिकबाई : काय?

सागर : उद्या मले फोन लावजो. उचलतो मी.